जाग्यावरचा पाना

“जिथे माणसाचा हात पोचत नाही, तिथे माणसाची बुद्धी पोचते!”

मिस्त्रीने सकाळीच हे जाहीर केलं. जाहीर करताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत सासऱ्यांच्या गाडीच्या इंजिनात अडकलेला होता. म्हणजे हात तसा पोचला होता. परत यायला तयार नव्हता, एवढंच.

“मग त्या बुद्धीला म्हणावं, आधी हात काढ,” बायको पडदा सरकवून बाहेर आली. पुढे गॅरेज आणि मागे घर, मधे एक पडदा, अशी त्यांच्या संसाराची रचना होती. तिच्या हातात तेलाची बाटली होती. लग्न झाल्यापासून या घरातलं तेल फोडणीपेक्षा मिस्त्रीचे हात सोडवण्यावरच जास्त खर्च झालं होतं.

“बोल्टाला बोट लागलं गं,” मिस्त्री डोळे मिटून म्हणाला. “नुसतं टेकलं. गार आहे. बिचारा किती वर्षं तिथे एकटा बसलाय.”

“त्याला काही होत नाही. तुम्ही बोटं आवळा. मी ओढते.”

ओढाओढीनंतर हात बाहेर आला आणि मिस्त्री एका उलट्या खोक्यावर बसून त्याच हाताकडे पाहत राहिला. बायकोने बाटलीचं झाकण लावलं. नवऱ्याची ही नजर तिच्या ओळखीची होती. ही लागली की त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं काय आणि पेटती शेगडी ठेवली काय, सारखंच.

“लागली समाधी,” ती पुटपुटली आणि आत गेली.

समाधी लागण्यासारखंच प्रकरण होतं. सासऱ्यांनी आजवर आपली गाडी जावयाच्या गॅरेजकडे फिरकूसुद्धा दिली नव्हती. ते एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. जगातली निम्मी दुःखं वस्तू जाग्यावर न ठेवल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी, जाग्यावर ठेवलेली वस्तू दुसऱ्याने हलवल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी आले तेव्हा त्यांना कांद्याच्या टोपलीत हातोडी दिसली होती. ते नुसते “बरं” म्हणाले. त्यानंतर मिस्त्रीने काय काय केलं! बंद पडलेले ट्रक चालू केले, बुडालेल्या स्कूटरी वर आणल्या. पण सासऱ्यांचं प्रमाणपत्र “बरं”च्या पुढे सरकलं नाही.

आणि आज ती गाडी इथे आली होती. कारण तिचा स्टार्टर गेला होता. किल्ली फिरवली की गाडी घसा साफ केल्यासारखा आवाज करायची आणि गप्प व्हायची. नेहमीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, की स्टार्टरचा खालचा बोल्ट समोर आहे, पण वरचा इंजिनाच्या पाठीमागे दडलाय. जगातला कुठलाही पाना तिथे जात नाही. अख्खं इंजिन उतरवावं लागेल, आठवडा लागेल.

सासऱ्यांकडे आठवडा नव्हता. सासूबाई थोरल्या लेकीकडे राहून आज संध्याकाळच्या बसने परत येत होत्या.

“जावईबापू,” गाडी चार जणांकडून ढकलून आणत सासरे म्हणाले होते, “ती बसमधून उतरली आणि मी तिला गाडी ढकलायला लावली, तर ती त्याच बसमध्ये परत चढेल. संध्याकाळपर्यंत झालं तर पाहा. नाही झालं तर...” इथे ते थांबले, गॅरेजभर नजर फिरवली आणि म्हणाले, “बरं.”

ते ‘बरं’ मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं होतं. आज सासऱ्यांच्या तोंडून ‘शाब्बास’ ऐकायचंच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

तर मिस्त्री खोक्यावर बसून होता आणि मनाने कधीच इंजिनात शिरला होता. तो मुंगीएवढा झाला होता. इंजिनाच्या कडेने खाली उतरत, पाण्याच्या जाड पाइपाला वळसा घालत, एका वायरीखालून वाकून जात, मग डावीकडे वळून थोडा चढ चढत तो चालला होता. आणि त्या गल्लीच्या टोकाशी, शेवटच्या घराच्या खिडकीत दिवा लागावा तसा तो बोल्ट मिणमिणत होता. या वाटेने जायला सरळ पाना काय कामाचा? त्याला वाटेसारखंच वळण पाहिजे. सापासारखं नको, साप फार वळतो. झोपेत कूस बदललेल्या माणसासारखं. आधी इकडे, मग तिकडे, आणि शेवटी बोल्टाच्या डोक्यावर हलकेच हात ठेवलेला.

“सापडला!” तो ओरडला.

“काय?” आतून आवाज आला.

“पाना!”

“कुठे होता?”

“अजून नाहीये!”

बायकोने तेलाची बाटली पुन्हा हाताशी ठेवली.

आधी वाटेचं माप हवं होतं. मापाला जाड तार हवी होती, आणि तार कपाटातल्या हँगरमध्ये होती. मिस्त्रीने हँगर सरळ केला, इंजिनात खुपसला, आत वाकवला, बाहेर काढला, पुन्हा वाकवला. शेवटी त्याच्या हातात एक असा आकार आला, की शेजारचा ग्रिलवाला तो पाहायला दुकान सोडून आला.

ग्रिलवाल्याचं सगळं आयुष्य खिडक्यांना गज जोडण्यात गेलं होतं. त्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की ती पुन्हा उघडता येणार नाही याची खात्री करून घ्यायची त्याला सवय लागली होती.

“काय रे मिस्त्री, हे काय, अक्षर काढलंस का?”

“हा पाना आहे. याच्या टोकाला चौदा नंबरची रिंग जोडायची आणि दुसऱ्या टोकाला दांडा. जोडून देशील?”

“मी काय वाट्टेल ते जोडतो. रिंग कुठाय?”

मिस्त्रीचा स्वतःचा चौदाचा पाना झिजून पंधराचा झाला होता. पण बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या काचेच्या पेटीत, एक पान्यांचा संच लटकत होता. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि वर्षातून एकदा बायको काच पुसायची. त्या पान्यांनी आजवर एकही नट पाहिला नव्हता.

मिस्त्री पेटीसमोर उभा राहिला. चौदाचा पाना त्याच्याकडे पाहत होता. मला इथून ने, असं तो म्हणत असल्याचा मिस्त्रीला स्पष्ट भास झाला.

“हात लावू नका हं त्याला!” बायको म्हणाली. “बाबांना दारातून दिसतं ते.”

“अगं, त्यांच्याच गाडीसाठी तर चाललंय. म्हणजे तो घरच्या घरीच राहिला.”

“आणि मधे ती रिकामी जागा? बाबांना माणसं ओळखायला वेळ लागेल, रिकामी जागा लगेच दिसते.”

मिस्त्रीने चौदाचा काढून घेतला, तेराचा पाना थोडा इकडे आणि पंधराचा थोडा तिकडे सरकवला. भोक बुजलं. पाच मिनिटांत त्या पान्याची मान कापली गेली.

आता दांडा. ग्रिलवाल्याच्या दुकानात सळया होत्या, पण एक जाड होती, एक चौकोनी होती, आणि एकाही सळईचा मिस्त्रीच्या स्वप्नातल्या दांड्याशी चेहरा जुळेना. तो गोल पाहिजे होता, गुळगुळीत, बोटाएवढा, आणि टोकाला धरायला काहीतरी असेल तर फारच उत्तम. मिस्त्री विचार करत हात धुवायला आत गेला. हात धुतले. पुसायला वर पाहिलं. आणि तिथेच थबकला.

टॉवेलचा दांडा. स्टीलचा, भरीव, दोन्ही टोकांना पितळेचे गोळे. दांडा असा चकाकत होता, की यावर आजवर टॉवेल वाळत घातला याचीच मिस्त्रीला लाज वाटली.

हा दांडा सासऱ्यांनी स्वतः बसवला होता, पाणसळ लावून, घर लावलं त्या दिवशी. आता हे मिस्त्रीला आठवायला हवं होतं. पण समाधीत माणसाला फक्त पुढचं दिसतं.

“अहो, टॉवेल कुठे अडकवू मी?” दांडा खांद्यावर टाकून निघालेल्या नवऱ्याला बायकोने विचारलं.

“टॉवेलही लागणारच आहे,” मिस्त्री म्हणाला आणि टॉवेलही घेऊन गेला.

दांड्याचं एक टोक कापलं, तापवलं, हँगरच्या मापाने वाकवलं. दुसऱ्या टोकाचा पितळी गोळा मुठीसाठी तसाच ठेवला. सगळं नीट जुळलं, फक्त एक गोष्ट सोडून. जोडल्यावर हा पाना वरून आत जाणार नव्हता. वळणं इतकी अचूक होती, की पाइपाला वळसा घालायला त्याला आधी पाइपाच्या पलीकडे असायला हवं होतं.

“मग दोन तुकड्यांत घालू,” मिस्त्री म्हणाला. “रिंग वरून सोडू, दांडा बाजूने. पाइपामागे दोघांची भेट होईल. तिथेच जोड.”

“इंजिनात?”

“तुझी वेल्डिंगची कांडी बारीक आहे. सहज जाते.”

ग्रिलवाल्याने खिडकीबाहेर राहून आतला गज कैकदा जोडला होता. त्याला यात वावगं काही दिसलं नाही. बॅटरीची वायर काढली. टॉवेल ओला करून पाइपावर आणि वायरींवर पांघरला. बायकोने तोंड फिरवून टॉर्च धरला. आणि इंजिनाच्या काळोखात निळं चांदणं पडलं. ठिणग्या टॉवेलवर उतरत होत्या आणि चर्र करून विझत होत्या. मिस्त्री काळ्या काचेतून ते पाहत होता आणि त्याला वाटत होतं, आकाशात असाच कोणीतरी एक ग्रिलवाला असणार, रोज रात्री न पोचणाऱ्या जागी काहीतरी जोडत बसलेला.

“झालं,” ग्रिलवाला म्हणाला. “आता हत्तीने ओढलं तरी सुटत नाही.”

त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही.

मिस्त्रीने पितळी गोळा मुठीत धरला आणि जरासा दाबला. आत कुठेतरी, त्या गल्लीच्या टोकाशी, ‘कट्’ असा आवाज झाला. इतका गोड आवाज मिस्त्रीने आयुष्यात ऐकला नव्हता. बोल्ट फिरला. फिरत फिरत बाहेर आला. मिस्त्रीने गाडीखाली शिरून खालचा बोल्टही सोडवला आणि स्टार्टर अलगद त्याच्या पोटावर उतरला. आतले कार्बन झिजून पापुद्रे झाले होते. ते बदलले, स्टार्टर पुसून घेतला, पुन्हा बसवला, आणि आत टांगूनच ठेवलेल्या पान्याने वरचा बोल्ट घट्ट आवळला. बॅटरीची वायर जोडली. किल्ली फिरवली. गाडीने घसा साफ केला नाही. पहिल्या फटक्यात ती गायला लागली.

ग्रिलवाल्याने टाळी दिली. बायको म्हणाली, “खरंच की हो!” आणि मिस्त्री पाना काढायला वाकला.

पाना निघेना.

मिस्त्रीने वर ओढला. खाली ढकलला. कूस बदलावी तसा फिरवला. पाना थोडासा हलायचा आणि पुन्हा पाइपाला मिठी मारून बसायचा.

“स्टार्टर बाहेर होता तेव्हा खालून वाट होती,” मिस्त्री सावकाश म्हणाला. “तेव्हाच काढायला हवा होता.”

“मग काढला का नाहीस?”

“काढला असता तर बोल्ट आवळला कशाने असता?”

ग्रिलवाल्याने डोकं खाजवलं. “म्हणजे पुन्हा स्टार्टर खोलायचा.”

“हो. मग पाना खालून काढायचा.”

“आणि मग स्टार्टर बसवायचा.”

“हो. आणि मग बोल्ट आवळायला...”

सगळा मामला एकदम त्यांच्यासमोर उभा राहिला. एक तर स्टार्टर आत आणि पानाही आत. नाहीतर दोन्ही बाहेर. यात तिसरी सोय नव्हती.

“कापू या,” ग्रिलवाला म्हणाला. पण कांडी बारीक होती, कापायचं मशीन जाडजूड. ते बॉनेटच्या कडेलाच अडकलं. मग नुसतं पातं हातात धरून घासून पाहिलं. पातं आत बोटभर पुढे जायचं, बोटभर मागे यायचं. सासऱ्यांनी दांडा निवडताना स्टील बघून घेतलं होतं. त्यावर ओरखडासुद्धा उठेना.

“या बेताने,” ग्रिलवाला घाम पुसत म्हणाला, “तुझ्या सासूबाई पुढच्या खेपेला येतील तेव्हा कापून होईल.”

पण मिस्त्रीचे डोळे पुन्हा लांब गेले होते. “पातं धरायला एक वेगळं हत्यार केलं तर? वाटेसारखंच वळणाचं. टोकाला पातं. दोन तुकड्यांत आत घालायचं आणि आतच...”

“ते अडकलं की तिसरं?”

“तिसरं जरा लहान होईल.”

“अहो!” बायकोने त्याला दंडाला धरून हलवलं. “परत या! बाबा आले!”

सासरे नेहमीच सांगितलेल्या वेळेच्या आधी येत. त्यामुळे समोरच्याच्या वस्तू जाग्यावर आहेत की नाहीत ते नीट कळतं, असा त्यांचा अनुभव होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मधोमध भांग. फाटकातून आत आले आणि त्यांनी हात पुढे केला. मिस्त्रीला वाटलं, हस्तांदोलन. तो पुढे झाला.

“किल्ली,” सासरे म्हणाले.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सासऱ्यांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. भुवया जराशा वर गेल्या. मिस्त्री जरा पुढे सरकला. आता म्हणतील. आता!

“बॉनेट उघडा,” सासरे म्हणाले.

बॉनेट उघडलं. काळ्याकुट्ट इंजिनाच्या कडेला, एखाद्या दिवाणखान्यात शोभावा असा चकचकीत स्टीलचा दांडा वर आला होता आणि त्याच्या टोकाला पितळेचा गोळा उन्हात झळकत होता. सासरे त्याच्यावर वाकले.

“हे काय आहे?”

मिस्त्री बॉनेटची कड पुसू लागला. ग्रिलवाला आपल्या चपलेचा अंगठा तपासू लागला.

“पाना आहे बाबा,” बायको म्हणाली. पदराला हात पुसत ती पुढे झाली. “त्या मागच्या बोल्टाचा. दुसरा कुठलाच पाना लागत नाही ना त्याला. म्हणून यांनी खास बनवला.”

“मग तो आत का?”

“आत का म्हणजे?” तिने डोळे मोठे केले. “जाग्यावर ठेवलाय!”

“जाग्यावर?”

“जिथे लागतो तिथेच. शोधायला नको, हरवायला नको. कोणी मागून नेला, परत दिलाच नाही, असं व्हायला नको. तुम्हीच नाही का म्हणत, वस्तूने आपली जागा सोडता कामा नये? हा सोडूच शकत नाही. ओढून बघा हवा तर.”

सासऱ्यांनी ओढून पाहिला. पाना बाहेर आला नाही. त्यांनी आणखी जोर लावला. नाहीच.

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळाच भाव पसरायला लागला. सगळी नोकरी त्यांनी स्टोअरच्या खिडकीत बसून काढली होती. माणसं हत्यारं न्यायची, आणून द्यायची नाहीत. आणून दिली तर दुसऱ्याच खणात ठेवायची. हत्यार आपल्या जागी असं घट्ट बसलेलं, कोणाच्या बापालाही नेता न येणारं, त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिलं.

“आमच्या कारखान्यात,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हे कोणाला सुचलं नाही.” मग त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. “शाब्बास, जावईबापू! शाब्बास!”

मिस्त्रीला पायाखालची जमीन लागेनाशी झाली. सासरे पुढेही काही बोलत होते, गोळा सुबक आहे, कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो वगैरे, आणि ग्रिलवाला घाईघाईने, “हल्ली सगळीकडे हेच गोळे मिळतात,” असं म्हणत होता. पण मिस्त्री केव्हाच निघून गेला होता. त्याला रस्ते दिसत होते, लांबच लांब, आणि त्यावरून वाहणाऱ्या गाड्या. प्रत्येक गाडीत प्रत्येक बोल्टापाशी त्याचा त्याचा पाना, माणसाच्या शेजारी त्याची सावली असावी तसा. मिस्त्री लोक रिकाम्या हातांनी कामाला येताहेत, शिट्टी वाजवत, खिशात हात घालून. कांद्याच्या टोपलीत फक्त कांदे आहेत. आणि या सगळ्याच्या वर, ढगांच्या जरा खाली, एक पितळी गोळा संथपणे झळकतोय.

“हात काळे झाले,” सासरे म्हणाले. “धुऊन येतो. मग लगेच निघतो, बस यायची वेळ झाली.”

ते पडदा सरकवून आत गेले. पाण्याचा आवाज आला. बायकोने मिस्त्रीकडे पाहून हसून मान डोलावली. मिस्त्रीही हसला. त्याच्या खांद्यावर भोकं पडलेला ओला टॉवेल होता.

पाण्याचा आवाज थांबला.

मग काहीच आवाज आला नाही. बायकोचं हसू हळूहळू उतरलं आणि तिची नजर नवऱ्याच्या खांद्यावर गेली. तिथून ती बॉनेटकडे गेली. ग्रिलवाल्याला एकदम आठवलं, की दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असेल. ते बोलून दाखवायलाही तो थांबला नाही.

“जावईबापू,” आतून सासऱ्यांचा आवाज आला. अगदी शांत, स्टोअरच्या खिडकीतून यावा तसा.

“काय बाबा?”

“एक छोटंसं काम होतं. इथला टॉवेलचा दांडा तेवढा जाग्यावर लावून देता का? माझे हात ओले आहेत. मी इथेच थांबतो.”